खुंट, कव आणि वाव : उत्तर कोकणच्या समुद्रातील हद्दींचा इतिहास

प्रस्तावना

समुद्र सर्वांचा असतो, त्याला कुंपण घालता येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. सागरी साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाविषयीचे बरेचसे लेखनही याच गृहीतकावर उभे असते. ज्या संपत्तीला मालक नाही ती अखेर ओरबाडली जाते, हा विचार गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. त्याचा प्रभाव मत्स्यव्यवसायाच्या धोरणांवर दीर्घकाळ राहिला. मालकी नाही म्हणून शासनाने नियम करावेत, किंवा मालकी वाटून द्यावी, असे दोनच मार्ग त्यातून सुचत असत. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामूहिक साधनसंपत्तीचा अभ्यास करून तिसरी शक्यता दाखवली. वापर करणारे समाज स्वतःच नियम घडवतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात, असे त्यांनी सिद्ध केले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकण किनाऱ्याच्या इतिहासाकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात वसई-उत्तनपासून डहाणूपर्यंतच्या समुद्राचा विचार केला आहे. या समुद्राला हद्दी होत्या व त्या मच्छीमारांनी खुंट रोवून, भरतीचा वेग ओळखून आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरून आखल्या होत्या, असे माझे प्रतिपादन आहे. १९८१ मध्ये राज्याने नव्या हद्दी घातल्या, त्या मुख्यतः पाण्याच्या खोलीच्या मापात. जुन्या हद्दींची नोंद कायद्यात झाली नाही आणि नव्या हद्दी पाण्यावर डोळ्यांना दिसत नाहीत. आजचे बरेच तंटे या दोहोंमधील अंतरात निर्माण झाले आहेत.

किनारा, भरती आणि जाळे

मासेमारीची पद्धत केवळ परंपरेने ठरत नाही. ती किनाऱ्याच्या रचनेने ठरते. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रबूड जमीन सुमारे ३०० कि.मी. रुंद आहे. दक्षिणेकडे सरकावे तशी ती अरुंद होत जाते. उत्तर कोकणात समुद्राचा तळ मंद उताराचा आणि चिखलमय आहे. खंबातच्या आखाताच्या सान्निध्यामुळे येथे भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. मुंबईत मोठ्या उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्याही पुढे जाते. सिंधुदुर्गात ती बरीच कमी असते. परिणामी उत्तरेकडे पाण्याला जबर ओढ असते.

या ओढीचाच उपयोग डोल जाळे करून घेते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक पिशवी. तिचे रुंद तोंड प्रवाहाच्या दिशेला उघडे ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी तळात रोवलेल्या खुंटांना किंवा ‘सूस’ नावाच्या मेखांना बांधतात. जाळ्याची आसे तोंडाशी मोठी आणि शेपटाकडे अत्यंत बारीक होत जातात. मच्छीमाराला माशाच्या मागे धावावे लागत नाही. पाणीच मासा आणून देते. प्रवाह पालटण्याच्या सुमारास जाळे उचलायचे, मासळी काढायची आणि पुन्हा लावायचे, असा हा क्रम आहे. उधाणाच्या दिवसांत धंदा जोरात चालतो, तर भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ मंदावली की हात आखडता घ्यावा लागतो. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी ही या जाळ्याची मुख्य मासळी. बोंबील मुंबई-गुजरातच्या समुद्रात विपुल सापडतो, रत्नागिरीच्या दक्षिणेस तो जवळजवळ दिसत नाही आणि पुन्हा भेटतो तो थेट पूर्व किनाऱ्यावर. हा योगायोग नाही. गढूळ पाणी, मोठी भरती आणि चिखलाचा तळ असलेल्या समुद्राशी या माशाचे आणि या जाळ्याचे नाते सारखेच आहे.

दक्षिणेत चित्र वेगळे आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या वाळूच्या पुळणींवर, जेथे पाण्याची ओढ कमी, तेथे रापण चालते. होडीतून जाळ्याचा वेढा टाकायचा आणि किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून तो ओढायचा. रापणीचा हक्क पुळणीशी बांधलेला असतो, डोलीचा हक्क समुद्रतळाशी. पुळण सर्वांना दिसते. समुद्रतळ दिसत नाही, आणि त्यामुळेच डोलीच्या हक्काची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

‘कव’ची रीत

खुंट रोवणे हे सोपे काम नव्हे. लाकडाचे लांब सोट समुद्रापर्यंत न्यायचे, पाण्याची वेळ साधायची आणि होड्यांच्या आधाराने, बऱ्याच माणसांच्या बळावर ते चिखलात खोल उतरवायचे. हा खर्च आणि हे श्रम एका घराला पेलणारे नसत. म्हणून खुंट भागीत रोवले जात. ज्यांनी रोवले त्यांचा त्या जागेवर हक्क मानला जाई. अशा रांगेने लावलेल्या जागेला उत्तर कोकणातील मच्छीमार ‘कव’ म्हणतात. ‘कव मारणे’ म्हणजे समुद्रात अशी जागा धरणे.

या रीतीमागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. डोल प्रवाहावर जगते. एका कवीच्या अगदी पुढ्यात दुसऱ्याने कव मारली, तर मागच्याच्या जाळ्यात रिकामे पाणी येणार. त्यामुळे दोन कवींमध्ये अंतर राखणे ही सौजन्याची बाब नाही. धंदा टिकण्याची ती अट आहे. जागा ओळखायची ती किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून. डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस, चर्चचा मनोरा आणि त्यामागची टेकडी, अशा जोड्या प्रत्येक गावाच्या ठरलेल्या असत. डहाणूजवळचा महालक्ष्मीचा सुळका समुद्रावरून दुरून दिसतो तो त्यामुळेच दर्यावर्दींच्या ओळखीचा. सोनकोळी, मांगेला, वैती, तसेच वसई-उत्तन-गोराई-मढ परिसरातील ख्रिस्ती कोळी, असे वेगवेगळे समाज या एकाच किनाऱ्यावर राहत आले. त्यांच्या बोली, देवदैवते आणि रोटीबेटी भिन्न असली तरी खुणांवरून जागा सांगण्याची भाषा एकमेकांना कळणारी होती.

या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे होडी, लाकूड आणि माणसे, त्यालाच कव मारता येई. खलाशी आणि मजूर यांना जागेचा हक्क नव्हता. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, सुकवण्याचे आणि विकण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. पण कवीच्या निवाड्यात त्यांचा आवाज कितपत होता, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. तरीही हद्द होती आणि ती मोडणे म्हणजे गावाशी वाकडे घेणे होते, एवढे निश्चित.

न्यायालयाने काय पाहिले

या हद्दींचा वाद ब्रिटिश काळात न्यायालयात पोहोचला, हे आपल्या इतिहासलेखनात सहसा येत नाही. ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावुचा’ हा १८७६ सालचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या दुसऱ्या खंडात नोंदलेला आहे. समुद्रात जाळी लावण्यावरून मच्छीमारांच्या दोन पक्षांत निर्माण झालेला हा तंटा होता. न्यायालयाने किनाऱ्यालगतच्या समुद्रातील मासेमारी हा सर्व जनतेचा सामाईक हक्क मानला. मात्र हा हक्क न्याय्य आणि वाजवी रीतीनेच बजावला पाहिजे, दुसऱ्याला तोच हक्क बजावण्यात अडथळा होईल अशा रीतीने नव्हे, असेही स्पष्ट केले.

या निकालाची दोन अंगे ध्यानात घ्यावीत. इंग्रजी कायद्यातील सार्वजनिक मासेमारीच्या हक्काची कल्पना येथे कोकणच्या पाण्याला लागू झाली आणि समुद्र ‘सर्वांचा’ असल्याचे अधिकृतपणे ठरले. त्याच वेळी ‘वाजवी रीत’ म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी कवीतील अंतराच्या रूढीकडे पाहावे लागेल, अशी वाटही मोकळी राहिली. ती वाट पुढे कोणी रुंद केली नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतच्या पाण्यात सुरुंग आणि विष यांचा वापर दंडनीय ठरवला. कोणाची जागा कुठे, या प्रश्नाला त्याने हात घातला नाही. वसाहतकालीन शासनाचे लक्ष वेगळ्याच दिशेला होते. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने प्रायोगिक मासेमारी केली. ती फायद्याची ठरली नाही. खोल समुद्रात संपत्ती आहे आणि तिथवर पोहोचणारे यंत्र आपल्याकडे नाही, अशा चौकटीत मत्स्यविकासाचा विचार तेव्हापासून सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतरही तोच पुढे चालला. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. आजची भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था त्यातूनच विकसित झाली.

यंत्र आले, हद्द सरकली

१९५० नंतर होड्यांना इंजिने बसू लागली. सुती व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फ सहज मिळू लागला, त्यामुळे सुकवण्याखेरीज ताजी मासळी दूरच्या बाजारात पाठवणे शक्य झाले. या बदलाने मच्छीमारांना दिलासा मिळाला, हे नाकारून चालणार नाही. वाऱ्याच्या आणि शिडाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाला इंजिनाचे मोल सांगावे लागत नाही. परंतु शिडाच्या होडीला जेवढे अंतर जाऊन त्याच दिवशी परतता येई, तेवढाच गावाचा समुद्र होता. इंजिनाने ती मर्यादा काढून टाकली. जाळी मोठी झाली, एका नौकेमागे ती अनेक झाली आणि कवी खोल पाण्याकडे व उत्तरेकडे सरकू लागल्या.

याच सुमारास कोळंबीच्या निर्यातीला तेजी आली आणि ट्रॉलर वाढले. तळ खरवडत जाणारे ट्रॉल आणि तळाला खिळलेली डोल यांचा मेळ बसणे अशक्य होते. एकाने दुसऱ्याचे जाळे कापले जाई, दुसऱ्याच्या खुंटात पहिल्याचे अडके. गोव्यात याच दशकात ट्रॉलर व पर्ससीन नौकांविरुद्ध रापणकारांचे मोठे आंदोलन झाले आणि किनारी मासेमारीचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला. १९७६ साली सागरी क्षेत्र अधिनियमाने १२ सागरी मैलांचे प्रादेशिक जलक्षेत्र आणि २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित केले. घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय, तर प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी केंद्राकडे. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या वादांची जबाबदारी राज्यांवर आली. केरळ आणि गोवा यांनी १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला.

महाराष्ट्राच्या कायद्याखालील आदेशांनी किनाऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत ५ ते १० वाव खोलीपर्यंत यांत्रिक ट्रॉलिंगला मनाई केली. संध्याकाळी ६ ते सकाळी ६ ट्रॉलिंग बंद ठेवण्यात आले. सहापेक्षा अधिक सिलिंडरच्या इंजिनाच्या नौकांना २२ कि.मी.च्या आत बंदी घालण्यात आली. वाव हे माप मच्छीमारांचेच आहे. दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, म्हणजे सुमारे सहा फूट. दोरीला वजन बांधून खोली मोजताना तेच वापरतात. पण हे माप हद्द म्हणून वापरताना भूगोलाकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. उत्तरेत तळ मंद उताराचा असल्याने १० वावांची रेषा किनाऱ्यापासून बरीच दूर जाते. दक्षिणेत उतार तीव्र, म्हणून तीच रेषा किनाऱ्याच्या जवळ येते. एकाच आकड्याने पालघरच्या मच्छीमाराला रुंद पट्टा दिला आणि मालवणच्या रापणकाराला अरुंद. शिवाय मोठ्या भरतीच्या समुद्रात ही रेषा ओहोटीला एका ठिकाणी असते आणि भरतीला दुसऱ्या. रात्री ट्रॉलर आत आला की नाही, हे सिद्ध करायचे कसे? खुंट उपटला तर दिसतो. वाव ओलांडला तर दिसत नाही.

पुढील काळात नियमांची भर पडत गेली. पर्ससीन मासेमारीविषयी सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने ती सप्टेंबर ते डिसेंबरपुरती मर्यादित करण्यात आली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशातील मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढल्या आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. हे सर्व नियम नौका, जाळे, हंगाम आणि दंड यांविषयीचे आहेत. जागेविषयीचा मूळ प्रश्न त्यांत सुटला नाही. हंगामाच्या बाबतीतही रूढी आणि कायदा यांची फारकत दिसते. अलीकडील वर्षांत पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, तर नारळी पौर्णिमा २०२३ मध्ये ३० ऑगस्टला आणि २०२४ मध्ये १९ ऑगस्टला होती. नारळ अर्पण होण्याआधीच नौका समुद्रात गेलेल्या असतात.

दोन परंपरांमधील तंटा

किनाऱ्यावरचे संघर्ष ‘पारंपरिक विरुद्ध यांत्रिक’ या एकाच साच्यात मांडण्याची आपल्याला सवय झाली आहे. उत्तर कोकणात हा साचा अपुरा पडतो. सातपाटी, मुरबे, डहाणू या भागातील मच्छीमार प्रामुख्याने तरंगत्या जाळ्यांनी पापलेट, दाढा, घोळ अशी मासळी पकडतात. त्यांची जाळी प्रवाहाबरोबर वाहत जातात. वसई, अर्नाळा, उत्तन, गोराई, मढ येथील डोलधारक आपल्या कवी पालघर-डहाणूच्या समोरच्या पाण्यापर्यंत नेऊ लागले, तेव्हा वाहते जाळे आणि उभा खुंट समोरासमोर आले. वाहणारे जाळे खुंटात अडकते आणि फाटते. डोलधारकांचे म्हणणे असे की जागा मोकळी होती, आम्ही खर्च करून कव मारली. वाहत्या जाळ्याच्या मच्छीमाराचे म्हणणे असे की मोकळे पाणी हेच आमचे शेत. त्यात खुंट उभा राहिला की शेत संपले.

दोघेही पारंपरिक, दोघांकडे परवाने आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या रीतीनुसार बरोबर आहे. कवीची रीत डोल आणि डोल यांच्यातील अंतरासाठी घडली होती. वाहत्या जाळ्याशी तिचा संबंध पूर्वी फारसा आला नव्हता, कारण शिडाच्या होड्यांच्या काळात डोल किनाऱ्याजवळ होती. इंजिनाने दोन रीती एकाच पाण्यात आणल्या आणि त्या दोहोंवर निवाडा देणारी तिसरी रीत निर्माण झालीच नाही. क्षेत्र, जाळे आणि नौकांची संख्या यांनुसार नियमन करण्याचा अधिकार १९८१ च्या कायद्याने राज्याला दिला आहे. व्यवहारात मात्र भर राहिला तो बैठकांवर आणि तात्पुरत्या तडजोडींवर.

यात पापलेटचा प्रश्न गुंतलेला आहे. डोलीच्या बारीक आसांत पापलेटची पिले मोठ्या प्रमाणात येतात. ज्या माशावर सातपाटीचे नाव उभे आहे, तोच मोठा होण्याआधी संपतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर झाला आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांची किमान कायदेशीर लांबी ठरवण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मि.मी. आहे. निर्णय योग्य आहे, परंतु त्याचा भार कोणावर पडतो हे पाहणेही गरजेचे आहे. वाहत्या जाळ्याचे आस मोठे, त्यामुळे त्या मच्छीमाराला हा नियम फारसा जाचत नाही. डोल पाण्याने आणलेले सगळेच घेते. तिला निवड करता येत नाही. पिले वाचवायची तर डोल किती काळ आणि कोणत्या पाण्यात बंद ठेवावी, हा प्रश्न येतो, आणि तो पुन्हा जागेपाशी येऊन थांबतो.

हक्काचा पुरावा

शेतकऱ्याकडे सातबारा असतो. मच्छीमाराची नोंदणी आणि परवाना नौकेचा असतो, पाण्याचा नसतो. समुद्रात दुसरा कोणी दावेदार नव्हता तोवर ही उणीव जाणवली नाही. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, १९७४ मध्ये मुंबई हायचे तेलक्षेत्र सापडले. तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते. तेथे राज्याने आखलेली हद्द काटेकोरपणे पाळली जाते. समुद्रात हद्द घालता येत नाही, हे म्हणणे त्यामुळे खरे ठरत नाही. कोणाची हद्द मानली जाते, एवढाच फरक आहे.

उरणच्या प्रकरणात हा प्रश्न थेट न्यायाधिकरणापुढे आला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २०१५ मध्ये बंदर व अन्य प्रकल्पांमुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडीत येण्याजाण्याची वाट आणि पारंपरिक मासेमारीची जागा गमावणे हे नुकसानच आहे, हे त्यातून मान्य झाले. १८७६ च्या निकालाने अर्धवट सोडलेली वाट इथे पुन्हा दिसते. मात्र भरपाई कुटुंबांच्या संख्येवर मोजली गेली. कोणाची कोणती जागा गेली, याची नोंद कुठेच नसल्याने दुसरा मार्गही नव्हता.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. डहाणू तालुक्यापुढचे हे पाणी रिकामे नाही. तेथे जाळी वाहतात आणि दक्षिणेकडून आलेल्या कवींचा वाद तेथेच चालू आहे. या पाण्याचा मच्छीमारांच्या खुणांनुसार नकाशा तयार करणे हे भूगोल आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांना करता येण्याजोगे काम आहे. गॅझेटियर, न्यायालयीन दावे, मच्छीमार सहकारी संस्थांची दप्तरे आणि जुन्या तांडेलांच्या तोंडी असलेली ठिकाणांची नावे, अशी साधने त्यासाठी हाताशी आहेत. जीपीएसमुळे जागेचे अक्षांश-रेखांश टिपणे आता कठीण राहिलेले नाही. अडचण निराळी आहे. असा नकाशा एका गावाने केला तर तो दाव्याचा कागद ठरेल आणि शेजारचे गाव त्यास विरोध करील. सातपाटी-डहाणूच्या वाहत्या जाळ्यांचे मच्छीमार आणि उत्तन-वसईचे डोलधारक यांनी एकाच नकाशावर आपापल्या खुणा मांडणे आवश्यक आहे, आणि तेही भरावाचे काम त्या पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी.